पाणवठ्याच्या नाटकावर परिसंवाद

एका जंगलात एकच पाणवठा होता आणि तो वाघाने अडवला होता. मुलांनो, एकटा वाघ पिऊन पिऊन किती पाणी पिणार, असं तुम्ही विचाराल. तो पीत नसे. तो त्यात पाय सोडून बसत असे.

त्या जंगलात इरावती नावाची हरिणी राहायची. तिचं पाडस दगडावरचं दव चाटून दिवस काढत होतं. इरावतीने तक्रार करून पाहिली. वाघ म्हणाला, "बघू." म्हणून तिने नाटक लिहिलं.

नाटक सोपं होतं. वाघ पाणवठा अडवतो. सगळे तहानेने कासावीस होतात. मग सगळे मिळून पाणवठ्यावर चालून जातात आणि पोटभर पाणी पितात. वाघाचं काम रानमांजराने केलं.

प्रयोग रंगला. पडदा पडला तशी प्रेक्षकांतून रानडुकरं उठली. त्यांच्यातलं एक म्हणालं, "चला, आत्ताच जाऊ."

सगळे निघाले.

तेवढ्यात नाट्यमंडळाचे कार्यवाह तरसराव रंगमंचावर आले. "बसून घ्या. आता परिसंवाद आहे. विषय, या नाटकातला मध्यवर्ती संघर्ष."

प्राणी सुसंस्कृत होते. ते बसले.

अध्यक्षस्थानी वाघ होते. नाटक त्यांनी पहिल्या रांगेत बसून पाहिलं होतं.

आधी समीक्षक घुबड बोललं. "वरवर पाहता हा संघर्ष वाघ आणि इतर प्राणी यांच्यातला वाटतो."

"आतून पाहिलं तरी तोच आहे," इरावती म्हणाली.

"लेखिकेला आपलं नाटक कळलेलं असतंच असं नाही," घुबड मायेने म्हणालं. "खरा संघर्ष तहान आणि संयम यांच्यातला आहे. तो प्रत्येकाच्या आत चालू असतो. वाघ हे केवळ निमित्त."

रानडुकरं विचारात पडली. क्षणभर इरावतीलाही वाटलं, आपलंच काही चुकलं असेल.

मग अध्यक्ष बोलले. "लेखिकेची व्यथा मला माझीच वाटली. माझ्याही आत संघर्ष चालतो. पाण्यात आधी डावा पाय सोडावा की उजवा, हे मला अनेकदा ठरवता येत नाही."

पुष्कळांनी डोळे पुसले.

वाघांनी इरावतीला शाल पांघरली. ती म्हणाली, "मला शाल नको. माझ्या पोराला पाणी हवंय."

घुबडाने टाळ्या वाजवल्या. "पाहा, भूमिका अजून तिच्या अंगातून उतरलेली नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि आपापला आतला संघर्ष घेऊन ते घरी गेले.

इरावती घरी गेली नाही. पाडसाला पुढे घालून ती डोंगर चढली. पलीकडच्या रानात एक ओढा होता. पाडस गुडघे टेकून पाणी प्यायलं, थांबलं आणि पुन्हा प्यायलं. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. आपल्यालाही तहान लागली आहे, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

इकडे पुढच्या उन्हाळ्यात नाटकाचा पुन्हा प्रयोग झाला. प्रेक्षक फारच कमी होते. जे होते त्यांना उठून उभं राहता येत नव्हतं. जंगलात अभिरुची उरली नाही, असं घुबडाने लिहिलं.

तात्पर्य: संघर्ष कोणाशी आहे, हे ज्याच्याशी आहे त्यालाच ठरवू द्यावं. बाकीच्यांना तहान लागलेली असते. त्यांचं मत निःपक्षपाती नसतं.