माश्यांनी मान्य केलेली बासुंदी

अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या मराठी मंडळाने ऑगस्टातली पिकनिक साखरमुक्त जाहीर केली. निम्मे सभासद मधुमेहाच्या गोळ्यांवर होते आणि उरलेले रिपोर्टची वाट पाहत होते, तेव्हा ठराव एकमताने संमत झाला. प्रत्येक भांड्यावर ‘नो शुगर’ अशी चिठ्ठी सक्तीची झाली. चिठ्ठी लावली की साखर निघून जाते, यावर कार्यकारिणीची गाढ श्रद्धा होती.

पिकनिक जगन्नाथकाकांच्या घरामागच्या लॉनवर ठरली. काका मधुमेहाचे जुने मानकरी. त्यांनीच ज्ञानदाला कुंपणापाशी मधमाश्यांच्या दोन पेट्या ठेवू दिल्या होत्या. तिची तीन वर्षांची पीएचडी त्या पेट्यांवर उभी होती.

आसपास फुलांचा दुष्काळ. औषधं मारमारून लोकांनी लॉनमधलं एकही रानफूल शिल्लक ठेवलं नव्हतं. भांडी मांडताच माश्या आल्या. रेणूमावशींच्या ‘स्टीव्हिया बासुंदी’वर बसल्या, आम्रखंडावर बसल्या, ‘फक्त लिंबू’ लिहिलेल्या सरबतात चार जणी बुडून मेल्या. काकांच्या ताकाकडे मात्र एकीनेही ढुंकून पाहिलं नाही.

“काय गं, तुझ्या माश्या इथे कशाला?” रेणूमावशींनी विचारलं.

“साखर असेल तिथे येतात, मावशी.”

पिकनिकला खरं बोलायची पद्धत नव्हती.

अध्यक्ष सौमित्र प्रोजेक्ट मॅनेजर होता. त्याने जागच्या जागी उपसमिती नेमली. तिला वीस मिनिटांत सत्य गवसलं: पदार्थ निर्दोष, माश्या बदनामीखोर. पेट्या सोमवारपर्यंत न हलवल्यास टाउनच्या ऑफिसकडे तक्रार करावी.

मग त्याने ज्ञानदाला बाजूला घेतलं. “हे बघ, इश्यू एस्कलेट नको करायला यार. तू एक्स्पर्ट आहेस. एक लेटर दे की पदार्थ शुगर-फ्री आणि नॅचरल असला की माश्या अट्रॅक्ट होतात. पेट्या राहतील.”

“पण ते खोटं आहे.”

“खोटं नाही गं, पॉझिटिव्ह फ्रेमिंग आहे.”

ज्ञानदाला स्वतःची लाज वाटली, आणि तिने सही केली.

शास्त्राचा आधार मिळाल्यावर मंडळ थांबतं थोडंच? दोन आठवड्यांनी तिथेच पदार्थांची स्पर्धा झाली. नियम सोपा: जितक्या माश्या जास्त, तितका पदार्थ साखरमुक्त. सभासदांनी साखरमुक्तीसाठी पोत्याने साखर ओतली. रेणूमावशींच्या बासुंदीत चमचा उभा राहत होता. एकशे बारा माश्या मिळवून ती पहिली आली. काकांचं ताक ‘साखरेचा संशय’ असा शेरा मारून बाद झालं.

काकांना ते फार लागलं. पण माणूस कायदा पाळणारा. त्यांनी ताक ओतून दिलं आणि माश्यांनी प्रमाणित केलेल्या बासुंदीच्या तीन वाट्या घेतल्या.

संध्याकाळी ते इमर्जन्सीत होते, शुगर पाचशेच्या वर. ज्ञानदा उशाशी बसली होती. काकांनी डोळे उघडले.

“त्या पत्रावर तुझी सही होती,” ते हळूच म्हणाले. “म्हणून तर निर्धास्त प्यायलो गं.”

बाहेर कार्यकारिणी ताकाची चौकशी करण्याचा ठराव मांडत होती. आत ज्ञानदाला मान वर करता येईना.

तिच्या जागी आपण सही केली नसती, असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल हात वर करावा. फक्त तोंडातला घास आधी गिळावा.