कापशी बगळीचं अजिंक्यपद

एका जंगलात एक कॉलेज होतं. हसू नका, बाळांनो. ज्या जंगलात धड पाणवठा नसतो तिथेही हल्ली कॉलेज असतं, आणि या जंगलात तर पाणवठासुद्धा होता.

त्या पाणवठ्याजवळ ढगोजी नावाचा गवा राहायचा. काळाभोर, अंगाने डोंगराएवढा, आणि स्वभावाने इतका गरीब की मुंग्यांची रांग आडवी आली तर ती संपेपर्यंत थांबायचा आणि मागच्यांच्या शिव्या खायचा.

त्याच्या पाठीवर कापशी नावाची बगळी बसायची. सकाळी यायची, सूर्य कलला की जायची. दिवसभर ती ढगोजीच्या अंगावरच्या गोचिडी टिपायची. गोचीड म्हणजे काय हे कोणाला ठाऊक नसेल, तर आपल्या घरात फुकट राहून पोटभर जेवणारं कोण आहे ते आठवा.

हा दोघांच्या सोयीचा मामला होता, असं कोणी म्हणेल. म्हणू द्या. पण पोट भरलं तरी कापशी उठायची नाही, आणि खाज थांबली तरी ढगोजी तिला ऊठ म्हणायचा नाही. दोघं गवतावर गप्पा मारायची. गवत कोवळं झालं, गवत निबर झालं, एवढेच विषय. तेवढे पुरायचे.

कापशीला एकच दुःख होतं. जंगलात तिला नावाने कोणी ओळखत नव्हतं. मोराला मोर म्हणायचे, पोपटाला पोपटराव म्हणायचे, आणि तिला म्हणायचे, "ती हो, ती गव्यावरची."

मग एका हिवाळ्यात परदेशातून एक बदक आलं. दर वर्षी यायचं आणि इथल्या चिखलाला नावं ठेवत इथलाच चिखल खायचं. त्याने प्राचार्यांना सांगितलं, "आमच्या तिकडे कॉलेजचे विद्यार्थी उधळलेल्या बैलाच्या पाठीवर बसतात. आठ आकडे मोजून होईपर्यंत टिकायचं. त्याला रोडिओ म्हणतात. त्याचं राष्ट्रीय अजिंक्यपद असतं."

"आणि विद्यार्थी शिकतात कधी?" प्राचार्यांनी विचारलं.

"पडल्यावर," बदक म्हणालं.

प्राचार्यांना हे फार आवडलं. लगेच समिती झाली, समितीची उपसमिती झाली, आणि उपसमितीने जाहीर केलं की 'अखिल वन आंतरमहाविद्यालयीन पाठस्वारी अजिंक्यपद स्पर्धा' यंदा आपल्या जंगलात होणार. दहा दिशांच्या जंगलांतून कॉलेजं येणार. दिशा आठच आहेत, असं भूगोलाच्या सरांनी सांगून पाहिलं. पण ते समितीत नव्हते.

आता आठ आकड्यांच्या खेळासाठी कोण एवढ्या लांबून येणार? म्हणून भोवती कार्यक्रम हवेत. कार्यक्रमांना आपल्या जंगलात कधी तोटा पडला आहे का? सुतारपक्ष्यांचं ढोलपथक तालमीला लागलं. गिधाडांनी स्वच्छता मोहीम अंगावर घेतली. डासांनी रक्तदान शिबिर भरवलं. त्याला उदंड प्रतिसाद मिळाला, कारण रक्तदात्यांना जागचं हलावंच लागत नव्हतं. वनसुंदरी स्पर्धेत मोर पहिला आला. लांडोरींनी आक्षेप घेतला, तर परीक्षकांनी त्यांना पुढच्या वेळी जरा नटून यायला सांगितलं. सामुदायिक न्याहारीला खुद्द वाघसाहेब येणार होते, आणि त्यांनी घरून खाऊन यावं अशी सर्वांनी त्यांना नम्र विनंती केली होती.

या सगळ्या खर्चाला प्रायोजक मिळाला तो गोचीड मित्रमंडळ. मंडळाचे अध्यक्ष गोचीडशेठ सभेत म्हणाले, "आमचं काम तळागाळातलं. आम्ही एकदा कोणाला धरलं की सोडत नाही." टाळ्या पडल्या.

सगळं झालं, आणि मग कळलं की यजमान कॉलेजातल्या एकाही विद्यार्थ्याला पाठीवर बसता येत नाही. सराव रानडुकराच्या पाठीवर चालू होता. माकडं पडली, कोल्हे पडले, एक ससा तर चढायच्या आधीच पडला. क्रीडाशिक्षक वांदरे सर कपाळाला हात लावून पाणवठ्यावर बसले होते. तेवढ्यात त्यांना समोर ढगोजी दिसला, आणि त्याच्या पाठीवर कापशी. ती एका पायावर उभी राहून डुलकी काढत होती.

"बाई," सर उठून म्हणाले, "किती वेळ बसता अशा?"

"दिवसभर," कापशी म्हणाली.

"तुमचं शिक्षण?"

"नाही झालं."

"ते आता झालं म्हणून समजा," सर म्हणाले. दुपारी तिला प्रवेश मिळाला आणि संध्याकाळी दोन सागांच्या मधे तिचा भलामोठा फलक लागला. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, कुमारी कापशी, आमचा अभिमान. कापशी तो फलक बघायला तीनदा गेली. तिसऱ्यांदा तिथे कोणी नव्हतं, तेव्हा तिने स्वतःचं नाव मोठ्याने वाचून पाहिलं.

पण पहिल्याच सरावात घोटाळा झाला. कापशी बसली. आठ आकडे झाले. ऐंशी झाले असते तरी ती हलली नसती, कारण ढगोजीही हलला नाही. तो रवंथ करत होता.

"शून्य," वांदरे सर म्हणाले.

"मी तर पडले नाही."

"अहो, या खेळात निम्मे गुण स्वाराचे आणि निम्मे जनावराच्या उधळण्याचे. जनावर जेवढं बेभान, तेवढे गुण जास्त. शेवटी बेरीज स्वाराच्या नावावर. तुमचं जनावर आहे का झोपाळा?"

ढगोजी ओशाळला. "कापशे, माझ्यामुळे तुझे गुण गेले का गं?" त्याने मनापासून उधळून पाहिलं. म्हणजे मागचा एक पाय उचलला, हलकेच खाली ठेवला आणि विचारलं, "लागलं नाही ना?"

कापशीला हसू आलं. मग फलक आठवला आणि हसू गेलं.

प्रायोजक धावून आले. गोचीडशेठ म्हणाले, "ताई, एवढंच ना? आमचे कार्यकर्ते देतो. वेलीचा पट्टा बांधतील त्याच्या खाली आमची पोरं बसवू. ती कामाला लागली की भल्याभल्यांना नाचवतात."

"पण मी तर गोचिडी..." कापशी म्हणाली.

"खाता. माहीत आहे. आमचे पुष्कळ नातेवाईक तुमच्याकडे गेले. मंडळ मागचं काढत नाही. फक्त स्पर्धेपुरतं चोच आवरा. तसाही नियमच आहे."

नियम खराच होता. स्वाराने एका पायाने पट्टा धरायचा. बाकीचं काहीही जनावराला लागलं की स्वार बाद. माकडाची शेपूट लागली तरी बाद, बगळीची चोच लागली तरी बाद. पंख मिटलेले, चोच वर.

कापशीने ढगोजीला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, हे तिच्या बाजूने नोंदवून ठेवा. ढगोजीने विचार केला. त्याला विचार करायला वेळ लागायचा, पण एकदा केलेला विचार तो बदलत नसे.

"तुझं नाव होतंय ना?" तो म्हणाला. "मग बसू दे त्यांना. खेळ संपला की तू काढशीलच."

"लगेच काढीन," कापशी म्हणाली.

स्पर्धेच्या दिवशी माळ नुसता फुलून गेला होता. ढोल वाजले. वाघसाहेब आले, आणि हरणांच्या स्वागतपथकाने त्यांना लांबूनच ओवाळलं. दिवसभर भाषणं झाली. पाहुण्या कॉलेजांचे स्वार चढले, पडले, आणि पडून झाल्यावर त्यांनी मुलाखती दिल्या. वेळ मोजायला कासव होतं. ज्येष्ठतेनुसार त्याचाच नंबर लागत होता. त्यामुळे आठ आकडे म्हणजे नेमका किती काळ, हे स्वारांना पाठीवर गेल्यावरच कळायचं.

शेवटी कापशीची पाळी आली. ढगोजीच्या अंगाला पट्टा बांधला. पट्ट्याखाली गोचीड मित्रमंडळाचे निवडक कार्यकर्ते बसले. कापशीने पाय अडकवला, पंख मिटले, चोच वर केली.

"एक," कासव म्हणालं, आणि कार्यकर्ते कामाला लागले.

बाळांनो, ढगोजी जन्मात कधी उधळला नव्हता. त्यामुळे कुठे थांबायचं हेही त्याला माहीत नव्हतं. त्याचे मागचे पाय आभाळात गेले, मग पुढचे गेले, मग सगळेच गेले. माळ हादरला. पहिल्या रांगेतले मान्यवर तिसऱ्या रांगेत जाऊन पडले. कापशी टिकली. त्या पाठीचा प्रत्येक उंचवटा तिच्या पायांना ओळखीचा होता.

"दोन," कासव म्हणालं, आणि घटकाभराने, "तीन."

"कापशे," ढगोजी धापा टाकत म्हणाला, "डाव्या खांद्यामागे आहे एक. फार लागतंय गं."

कापशीने चोच वर ठेवूनच डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. गोचीड वीतभर अंतरावर होती. अशा तिने हजारो टिपल्या होत्या. मान वाकवायची आणि टिपायची, बस्स.

"जरा थांब, दादा," ती म्हणाली.

"चार."

"कापशे..."

लोकांना वाटलं, गवा हंबरतोय. त्यांनी आणखी टाळ्या दिल्या.

कापशीने समोर पाहिलं. समोर दोन साग होते आणि त्यांच्या मधे तिचं नाव होतं. तिला वाईट वाटलं. खरंच वाटलं. वाईट न वाटता असं करणारेही असतात, त्यांच्या गोष्टी वेगळ्या. पण वाईट वाटत असतानाही चोच वर ठेवता येते, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"आठ," कासव शेवटी म्हणालं.

एकच जल्लोष झाला. कापशीला बसण्याचे पूर्ण गुण मिळाले, ढगोजीला उधळण्याचे पूर्ण मिळाले, आणि दोन्ही मिळून कापशीच्या नावावर जमा झाले, कारण ढगोजी कुठल्याच वर्गात नव्हता. ती गोचिडी टिपायला मान वाकवणार, तेवढ्यात माकडांनी तिला खांद्यावर उचललं. मिरवणूक निघाली. कापशीने दोनदा मागे वळून पाहिलं. दोन्ही वेळा कोणीतरी तिच्या गळ्यात हार घातला.

पट्टा सोडला गेला. गोचिडी मात्र कोणी काढल्या नाहीत. ते काम स्पर्धा समितीचं की स्वच्छता समितीचं, यावर एकमत होत नव्हतं.

मग सत्कार सुरू झाले. कॉलेजने केला, पाणवठ्याने केला, ज्यांनी तिला कधी झाडावर बसू दिलं नव्हतं त्या कावळ्यांनी केला. सगळे विचारायचे, "आपल्या यशाचं रहस्य?" आणि कापशी सांगायची, "चोच वर ठेवणे." मुलं लिहून घ्यायची. गोचीड मित्रमंडळाने तिला आपली सदिच्छादूत नेमलं. सदिच्छादूताने मंडळाच्या सभासदांना खाणं बरं दिसलं नसतं, म्हणून तिच्या जेवणाला समितीकडून नाकतोडे येऊ लागले. रोज सकाळी ती ठरवायची, आज ढगोजीदादाकडे जायचं. रोज कुठे ना कुठे फीत कापायची असायची.

एकदाची ती गेली. गळ्यात पदक होतं.

ढगोजी एका झाडाला अंग घासत होता. घासून घासून झाडाची साल निघाली होती आणि त्याच्या अंगावरचे केसही गेले होते. तिला पाहून त्याचा चेहरा उजळला.

"आलीस? बस," तो म्हणाला आणि तिला सोपं पडावं म्हणून पाठ खाली केली.

कापशी बसली. पाठ तीच होती. फक्त आता तिच्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. जिकडेतिकडे टपोऱ्या, टरटरीत फुगलेल्या गोचिडी. त्यांतल्या पुष्कळशा ओळखीच्या होत्या. व्यासपीठावर तिच्या शेजारी बसलेल्या होत्या. एकीने तर तिला नमस्कारही केला.

"काढतेस ना?" ढगोजी म्हणाला. "कधीची वाट बघतोय."

कापशीने मान वाकवली. चोच गोचिडीजवळ नेली. तिथेच थांबली आणि परत वर केली.

"दादा, ही आपलीच माणसं आहेत रे," ती म्हणाली. "आणि पुढच्या वर्षी पुन्हा स्पर्धा आहे. या असल्या म्हणजे तू किती छान उधळतोस."

ढगोजीने विचार केला. तुम्हाला सांगितलंच आहे, त्याला वेळ लागायचा.

मग त्याने पाठ झटकली. एकदाच. त्यात राग नव्हता. अंगावर माशी बसली की जनावर कातडी थरथरवतं, तेवढीच. उधळलेल्या गव्यावर टिकलेली अखिल वन विजेती तेवढ्यानेच खाली चिखलात पडली.

ढगोजी तिच्याकडे न बघता पाण्यात उतरला आणि गळ्यापर्यंत बुडून उभा राहिला.

झुडपामागून वांदरे सर धावत आले. "वा! काय झटका आहे! बाई, जनावर आता खरं तयार झालं. पुढच्या वर्षीचं पद आपलंच."

कापशी उठली. पदकाचा चिखल पुसला. ढगोजीला हाक मारावी असं तिला फार वाटलं. पण सर बघत होते, म्हणून तिने चोच वर केली आणि सरांबरोबर पुढच्या सत्काराला गेली.

तात्पर्य : मित्राच्या दुखण्याला चोच लावू नये. आपले निम्मे गुण त्याचेच असतात.