कोपरखैरण्यातील एका स्वयंपाकघराचे आशियाईकरण

आमच्या कोपरखैरण्याच्या फ्लॅटमधील स्वयंपाकघराचे आशियाईकरण करण्याचा निर्णय गेल्या महिन्यात सर्वानुमते झाला. सर्वानुमते म्हणजे सूनबाई क्षिप्रा बोलली, चिरंजीव सुयशने मान डोलावली आणि सोसायटीचा सचिव या नात्याने मी हरकतीची मुदत संपल्याचे जाहीर केले. आमच्या सौभाग्यवती वैजयंतीबाई तेव्हा तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. तिथूनच त्यांनी विचारले, "मग इतकी वर्षं आपण कुठल्या खंडात जेवत होतो?" प्रश्न विषयाला धरून नसल्याने कामकाजातून वगळण्यात आला.

आशियाला जागा हवी म्हणून आधी फडताळे रिकामी झाली. आमसुले, तिरफळे, चिंचेचा गोळा आणि गुळाची ढेप यांचे माळ्यावर पुनर्वसन झाले. मग क्षिप्राने वाशीच्या मॉलमधून सामान आणले, ते असे: चिंचेचा कोळ, ताडाचा गूळ आणि डब्यातले नारळाचे दूध. दापोलीचे नारळ घरात सोलून पडले होते, पण पिकते तिथे विकत नाही, त्याला कोण काय करणार? सर्वांत शेवटी थायलंडच्या लिपीतले लेबल असलेली एक काळपट बरणी आली. तिला फ्रीजचा वरचा कप्पा मिळाला आणि वैजयंतीची औषधे ओट्यावर आली.

ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती परत येईना. पेजेचे दोन चमचे घेतले की ती वाटी सारायची. उठून बसायचेही त्राण उरले नाही. डॉक्टर म्हणाले, खावेसे वाटेल ते द्या. वैजयंती म्हणाली, "भाजलेला जवळा आणि तांदळाची भाकरी द्या. दुसरं काही नको."

आता आली का पंचाईत! सुकी मासळी इमारतीत भाजण्यास, तळण्यास वा वाळवण्यास बंदी घालणारा ठराव मीच मांडला होता. तो शेजारच्या सगुणाबाईंना डोळ्यांसमोर ठेवून केलेला होता. सगुणाबाई मूळच्या इथल्याच बोनकोडे गावच्या. आमची इमारत उभी आहे तिथे पूर्वी त्यांच्या सासऱ्यांची भातशेती होती, परंतु ही बाब ठरावाच्या कक्षेबाहेरची होती. मी स्वतः दापोलीचा, जवळ्यावरच वाढलेला. पण पद म्हटले की पथ्य आलेच. मी नकार दिला आणि वैजयंतीने भिंतीकडे तोंड फिरवले.

रविवारी क्षिप्राने सोसायटीच्या कमिटीला आशियाई जेवणासाठी बोलावले. बरणीतला ऐवज तव्यावर पडला मात्र, वास जिन्याने थेट गच्चीपर्यंत गेला. अध्यक्ष कमळाकरराव नाकाला रुमाल लावूनच आत आले.

"सचिवांच्या घरात सुकट?" त्यांनी विचारले.

क्षिप्राने शांतपणे बरणी पुढे केली. कमळाकररावांनी चष्मा लावला, लिपी न्याहाळली, रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि दीर्घ श्वास घेतला. "काय अरोमा आहे," ते म्हणाले. मग सर्वांनी क्रमाक्रमाने अरोमा घेतला. परदेशी लेबल असलेला वास हा ठरावाच्या अर्थाने वास समजू नये, असे स्पष्टीकरण जेवता जेवताच मंजूर झाले. खजिनदार जागृतीताईंनी तर दोनदा वाढून घेतले.

वैजयंतीची मागणी भिंतीपलीकडे आधीच पोचली होती, आता वासही पोचला. बंदी उठली, असा सगुणाबाईंनी सरळ अर्थ काढला, जवळा भाजला आणि वैजयंतीसाठी ताट घेऊन त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या. ताटावरचे झाकण निघाले तसे सगळे रुमाल पुन्हा बाहेर आले. आतल्या खोलीत वैजयंती आपली आपण उठून बसली.

"सचिव, कारवाई करा," रुमालाआडून कमळाकरराव म्हणाले.

सगुणाबाईंनी टेबलाकडे बघितले. "भाऊ, ते बरनीन काय हाय?"

"बारीक कोळंबी," क्षिप्राने कौतुकाने सांगितले. "मीठ लावून, कुटून, उन्हात वाळवलेली."

"मंग माझे ताटान काय हाय?"

उत्तर मला ठाऊक होते. तोंडाला पाणी सुटले होते आणि लाजही वाटत होती. तरीही मी त्यांना ताट घेऊन जायला सांगितले. त्या निमूटपणे गेल्या. त्यांच्यामागोमाग भिंतीला धरत वैजयंतीही गेली आणि शेजारचे दार लागले. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून ती आणखी भाकरी मागताना ऐकू आली. कमिटीने ते ऐकले नाही. सगळे काड्यांनी नूडल्स पकडण्यात गुंतले होते.

आता तुम्ही आमच्या सोसायटीला हसाल. खुशाल हसा. तुमच्या इमारतीत असला मागासलेला ठराव नाही, हे मला ठाऊक आहे. तुम्हाला त्याची गरजच पडली नाही. जागा देण्यापूर्वीच तुम्ही गोड आवाजात विचारून घेतले होते, "तुमच्यात काय काय खातात?"