हजारात एकवीस

सर्वेक्षण कार्यालयातल्या आकडेतज्ज्ञाने सकाळी अति उत्साहात वडिलांना फोन केला. "अप्पा, तुमच्या रक्तात त्या साथीच्या तापाच्या अँटिबॉडी सापडल्या. म्हणजे तो तुम्हाला नकळत होऊन गेला, पुन्हा व्हायचा नाही. आता काळजी नको!"

अप्पांना आभाळ ठेंगणं झालं.

दुपारी अहवालावर सही करण्याआधी साहेबबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "हजारात एकवीस जणांना ताप होऊन गेला म्हणता. हे चाचणीचं किट निरोगी माणसालाही चुकून तसं दाखवतं का हो?"

"क्वचित. शंभरात दोनदा."

"मग हजारात?"

"वीस," तो म्हणाला आणि खिशातला फोन चाचपू लागला. शहरात ताप शिरलाच नसता, तरी किटने वीस माणसं शोधून काढलीच असती. अप्पा बहुधा त्या विसांतलेच! त्याच्या बहिणीचं बाळ दोन महिने आधी जन्मलेलं, जेमतेम ओंजळीएवढं. बाहेरच्या कुणालाही जवळ येऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि अप्पा तर रोज बाजारभर हिंडणारे.

अप्पांनी फोन उचलला नाही. त्याने बहिणीला लावला.

"अप्पा येतायत, बाळाला मांडीवर घ्यायला! तूच सांगितलंस ना, आता काळजी नको म्हणून?"

"दार उघडू नकोस! ऐक, ते किट..."

फोनच्या बॅटरीने नेमकी तेव्हाच मान टाकली.

रिक्षात तो जिवाच्या आकांताने देवाला आणि चालकाला आळीपाळीने विनवत होता. लिफ्ट बंद होती. चार मजले धावत चढला, तर वरच्या पायरीवर अप्पा खुळखुळा घेऊन फुरंगटून बसलेले. बाळंतपणासाठी महिनाभर लेकीकडे राहिलेली आई दारात हात आडवा लावून उभी.

"आई, यांना आत सोडू नकोस! चाचणी चुकली असणार..."

"चुकलीच आहे."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? यांना नुसती शिंक आली तरी शेजारी विचारपूस करून जातात. हा माणूस एवढा ताप गुपचूप अंगावर काढेल?"

तो मटकन पायरीवर बसला. सुटकेने त्याला रडूच फुटायचं बाकी होतं.

अप्पांनी खुळखुळा खाली ठेवला. "अरे, पण थोडासा तरी झाला असेल ना मला?"

"नाही हो अप्पा. तुम्ही अगदी ठणठणीत आहात."

अप्पांचा चेहरा पार उतरला.