भिवातात्यांची देवी

भिवातात्यांच्या अंगणात दगडाच्या पाच देव्या उभ्या आहेत आणि पाचहीजणींना उजवा हात नाही. नाकाचा शेंडाही नाही. नवखा पाहुणा हळहळतो, "अरेरे, कोणी मोडल्या हो?"

"मोडूक नाय. घडवलंयच तशी," तात्या सांगतात. वर चहाचं विचारतात.

तात्या आमचे शेजारी, पेशानं गवंडी. जांभ्याचे चिरे रचण्यात जन्म गेला. तरुणपणी ते आमच्या गावच्या देवीच्या गाभाऱ्याची भिंत दुरुस्त करायला आत गेले. एरवी मूर्ती लुगड्यात आणि चांदीच्या मुखवट्यात झाकलेली असते. त्या आठवड्यात उघडी होती. रेड्यावर पाय दिलेली, काळ्या दगडाची, केव्हातरी उजवा हात आणि नाकाचा शेंडा गमावलेली. तात्या भिंत विसरले. तीच त्यांची शाळा झाली.

त्या शाळेत एकच नियम. "बघलंय तसां करतंय. बघूक नाय तां कशाक करू?" म्हणून रावण त्यांनी कधी केला नाही, दहा डोक्यांचा माणूस बघायचा कुठे? मूळ मूर्तीतला रेडा झिजून गेलेला, तर त्यांनी माझी म्हैस बघून केला. मी चिडले, तर तात्या म्हणाले, "गो बाय, दुसरी म्हस इतकी उभीच रवणा नाय."

खंडित मूर्ती देवघरात चालत नाही, त्यामुळे एकही खपली नाही. शेवंतीकाकी, त्यांची बायको, या दगडांच्या नावानं दिवसभर बडबडायची. मूलबाळ नाही, घरात दोघंच. दोन वर्षांपूर्वी काकी गेली आणि बडबड थांबली. तात्यांना ती शांतता सोसली नाही. ते चुलीपाशी नुसते बसून असत.

मग देवळाचा जीर्णोद्धार ठरला. जुन्या मूर्तीचं खाडीत विसर्जन, जयपूरहून संगमरवराची नवी. तात्या मानकऱ्यांपुढे जाऊन उभे राहिले. "माका द्या तिका. गोठ्यात ठेवतंय." खंडित मूर्ती घरात नको, मानकरी म्हणाले. पण थोरल्या मानकऱ्यांना दया आली. "भिवा, तूच नवी घडव. अख्खी होई पण! पुरी झाली तर तुझीच बसवतलव."

तात्या पुन्हा जेवायला लागले. आठ महिन्यांत मूर्ती उभी राहिली, नाकासकट; शेंडा उरलेल्या नाकावरून जुळला. अडला तो उजवा हात. तो त्यांनी बघितलाच नव्हता ना! मला हात वर करून उभं केलं, मान हलवली, "हो हात न्हय गो." मग वाडीतल्या सगळ्या बायका झाल्या. तात्या दिसले की बायका पाणंद बदलू लागल्या. एके दिवशी त्यांनी बोलावणं बंद केलं आणि दार लावून घेतलं. महिनाभर आतून नुसती छिन्नी ऐकू यायची.

मानकरी भटजींना घेऊन आले, मीही गेले. खरं सांगते, मला रडू आलं, इतकी ती सुंदर होती. भटजी मात्र बोटं बघत होते. उजव्या हाताची करंगळी अर्धीच होती.

"दगड फुटलो काय रे?" थोरल्यांनी विचारलं.

"नाय."

मला कळलं. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात फणस कापताना आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, शेवंतीकाकीची करंगळी तुटली होती.

मानकऱ्यांनाही कळलं असावं. आवाज उतरवून म्हणाले, "बाकीची बोटां जराशी बारकी कर. सारखी दिसली म्हणजे झाला. आमी डोळे झाकतंव." आठ दिवस दिले. तासाभराचं काम! मीसुद्धा तात्यांच्या मागे लागले, भांडलेच. देवळात बसायची होती हो त्यांची देवी.

"चाळीस वर्सां ह्याच हातान माका वाढल्यान," तात्या म्हणाले. "आधार कार्डावरच्या फोटूत ती ओळखूक येणा नाय. हो हात बदललंय तर ती माका खंय गावतली?"

नववा दिवस उजाडला, बोटं तशीच होती. पुढे संगमरवराची आली, सगळी बोटं पुरी. जुनीला होडीतून खाडीत नेऊन सोडली. तात्या किनाऱ्यावर आले नाहीत.

प्रसाद घेऊन मी त्यांच्याकडे गेले. ते आपल्या मूर्तीच्या हातात हात घालून उभे होते. मला बघूनही त्यांनी तो काढून घेतला नाही. मी प्रसाद ओट्यावर ठेवला आणि परत आले.