दिवा लुकलुकला की थांबायचं

जावईबापूंबद्दल सासूबाईंची तशी काही तक्रार नव्हती. माणूस निर्व्यसनी, लेकीला सुखात ठेवणारा, ताटात पडेल ते निमूट जेवणारा. पण चालू काम सोडून उठून जायची त्यांची खोड मात्र सासूबाईंच्या डोळ्यांत कुसळासारखी सलायची. मशीन चालू आणि माणूस गायब! त्यांच्या शिवणखोलीत दुसऱ्या कुणी असं केलं असतं, तर त्याला त्याच पावली चपला घालायला लावल्या असत्या.

पण जावयाला काही तोंडावर बोलायचं नाही, एवढी रीत सासूबाई पाळत. म्हणून त्या लेकीला बोलत. आवाज मात्र असा लावत, की तीन खोल्या पलीकडे दाढी करणाऱ्या जावयाचाही हात थबकावा.

सासूबाई शिकल्या होत्या चौथीपर्यंत, आणि चौथीत त्या किती दिवस गेल्या हे कुणी विचारू नये. पण शिवणखोलीतल्या पाच मशीनपैकी कुठलं आज कुरकुरतंय, हे त्या स्वयंपाकघरात बसून सांगत. पाचांत थोर होतं ते भरतकामाचं मशीन. त्याला शेजारचा कॉम्प्युटर नक्षी सांगायचा आणि ते मान खाली घालून भरत सुटायचं. त्याच्या कपाळावर एक लाल दिवा होता. धागा तुटला की तो लुकलुकायचा. मग ज्याची नजर पडेल त्याने, कुणाला न विचारता, मशीन थांबवायचं, रीळ काढायचं, फुंकर मारायची, पुसायचं आणि परत लावायचं. विचारत बसलात की तेवढ्यात कापडाची वाट. हा नियम सासूबाईंनी घालून दिला होता आणि बारा वर्षांत त्या खोलीत तो मोडायची कुणाची छाती झाली नव्हती.

बुधवारी सकाळी तो कॉम्प्युटर सुरूच होईना. काळा पडदा, त्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ, बस्स.

वेळ तर अशी, की काय सांगावं! इस्पितळाचे बेचाळीस एप्रन येऊन पडलेले. प्रत्येकाच्या खिशावर नर्सचं नाव भरायचं होतं, आणि शुक्रवारी दुपारी मेट्रनबाई स्वतः न्यायला येणार होत्या. हे काम मनासारखं झालं तर इस्पितळाचं वर्षभराचं शिवण सासूबाईंकडे येणार होतं. मेट्रनबाईंनी विचारलंही होतं, "वेळेवर होईल ना?" तेव्हा सासूबाई मान ताठ करून म्हणाल्या होत्या, "आमचे जावई शाळेत कॉम्प्युटर शिकवतात. आमच्याकडे काही अडतच नाही."

शाळेला सुट्टी होती. जावईबापू लगेच आले, कॉम्प्युटरपुढे बसले, चार बटणं दाबली आणि उठले.

"आई, ह्याची ऑपरेटिंग सिस्टिम गेलीय. नक्षीकाम सगळं शाबूत आहे, ते वेगळ्या डिस्कवर आहे. सिस्टिम तेवढी नव्याने टाकावी लागेल. मी लॅपटॉपवरून एक पेनड्राइव्ह तयार करतो. तो लावला की ह्याला त्यावरून जाग येईल."

सासूबाई लेकीकडे वळल्या. "काय म्हणतायत?"

"अगं, बॉबिन नवी घातली की खालचा धागा आधी हाताने वर ओढून घेतो ना आपण? मगच मशीन चालतं. तसंच."

"मग ओढा म्हणावं. किती वेळ लागेल विचार."

"अर्धा तास," जावईबापू म्हणाले. तेही लेकीकडेच बघून.

त्यांनी खिडकीजवळच्या टेबलावर लॅपटॉप उघडला, अंगठ्याएवढा पेनड्राइव्ह त्याच्या कुशीत खुपसला, एक बटण दाबलं. पडद्यावर हिरवी पट्टी गोगलगायीसारखी सरकू लागली. आणि जावईबापू उठून चहाला गेले.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. मशीन चालू, माणूस गायब! त्या तणतणत टेबलाशी गेल्या आणि बघतात तर काय, पेनड्राइव्हच्या शेपटाला एक लाल दिवा होता आणि तो जीव खाऊन लुकलुकत होता.

धागा तुटला! सासूबाईंनी पेनड्राइव्ह उपटला. लॅपटॉप 'टुंग' म्हणाला. त्यांनी पेनड्राइव्हच्या तोंडात फुंकर मारली, पदराने पुसला, परत लावला. पुन्हा 'टुंग'. दिवा आता शांत, एखाद्या गुणी पोरासारखा स्थिर. पडद्यावर एक चौकट उगवून तिच्यात काहीबाही लिहून आलं होतं. ते वाचता येईना, पण दोनदा टुंग म्हणजे होकारच असणार. जावयाची नाचक्की नको, म्हणून त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. फार मोठं मन करून स्वयंपाकघरात निघून गेल्या.

"अरेच्चा!" थोड्या वेळाने बाहेरून जावईबापूंचा आवाज आला. "लिहिता लिहिता मध्येच तुटलं की. पेनड्राइव्ह जुना होता, तोच गेला असेल."

दुपारी नवा पेनड्राइव्ह आला. जावईबापूंनी तो लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावून बघितला. पट्टी निम्म्यावर आली आणि हेडमास्तरांचा फोन आला. जावईबापू फोन कानाला लावून गच्चीत गेले. दिवा लुकलुकत होता. सासूबाई कणीक भिजवत होत्या, तशाच पिठाच्या हाताने धावल्या. टुंग. फुंकर. टुंग.

"पुन्हा तुटलं!" जावईबापूंनी कपाळाला हात लावला.

"अगं," सासूबाई लेकीला म्हणाल्या, "शाळेत मुलांना हेच शिकवतात का गं? आणि मुलं पास कशी होतात?"

"आई, हळू बोल ना. ते ऐकतायत."

"ऐकायलाच बोलतेय."

गुरुवारी जावईबापूंनी पुरती कंबर कसली. मूळ फाइलच खराब उतरली असेल, म्हणून ती सगळी पुन्हा उतरवून घेतली आणि तिचे आकडे ताडून पाहिले. फाइल सोन्यासारखी निघाली. मग मध्ये तडमडणारा अँटिव्हायरस बंद केला. लॅपटॉपला मध्येच डुलकी लागत असेल, तर तीही लागू नये अशी सोय केली. तिसरा पेनड्राइव्ह आणला आणि या वेळी खुर्ची ओढून स्वतः समोर बसले. मांडीवर हात ठेवून, पापणी न हलवता.

सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात सासूबाईंनीच हाक मारली, "अगं, जेवण गार होतंय म्हणावं! दोन घास खाऊन घ्या आणि मग बसा तपाला!"

सासूबाईंची हाक मोडणारा माणूस त्या घरात अजून जन्मला नव्हता. जावईबापू उठले. ते पहिला घास घेतायत, तोवर सासूबाई मीठ आणायच्या निमित्ताने बाहेर गेल्या.

टुंग. फुंकर. टुंग.

तिसऱ्यांदा तुटलेलं पाहिल्यावर मात्र जावईबापूंचे कान लाल झाले. त्या रात्री ते दुसऱ्यांदा वाढून घेईनात आणि वर मान करून बोलेनात. लेक डोळ्यांना पदर लावून सांगायला आली, "आई, ते म्हणतात, मुलांसमोर कुठल्या तोंडाने उभा राहू? म्हणतात, शाळा सोडून द्यावी का."

सासूबाईंना जरा वाईट वाटलं. पण जराच. "सोडू दे. काजं करायला एक माणूस कमीच आहे मला."

बटणांची काजं करणारी काजवाली कोपऱ्यातून म्हणाली, "मावशी, मी हाताने भरायला घेऊ का नावं?"

"एका नावाला अर्धा दिवस लागतो तुला. बेचाळीस नावं होईस्तोवर निम्म्या नर्सा पेन्शन घेऊन घरी बसतील."

शुक्रवार उजाडला. मेट्रनबाई दुपारी यायच्या, त्या अकरालाच आल्या. उंच बाई, बोलणं मोजकं. त्यांनी कोऱ्या एप्रनांचा गठ्ठा पाहिला.

"एकही नाही झालं?"

जावईबापू पुढे झाले. "चूक माझी आहे, बाई. पेनड्राइव्ह काही केल्या तयार होत नाहीये. आता शेवटचं एकदा करून बघतो. नाही झालं तर हे तुम्ही दुसरीकडे द्या. आईंचा ह्यात काही दोष नाही."

"करा. मी बसते," मेट्रनबाई म्हणाल्या आणि टेबलासमोरच बसल्या.

चौथा पेनड्राइव्ह लागला. हिरवी पट्टी निघाली. खोलीतली सगळी मशीनं थांबली. काजवालीने सुई हवेतच धरली. लेक दाराच्या चौकटीला टेकून नखं खात होती. पट्टी पाऊण वाट चालून गेली आणि सासूबाईंची नजर दिव्यावर पडली. जीव खाऊन लुकलुकत होता! आणि हे सगळे ठोंब्यासारखे नुसते बघतायत!

सासूबाई वाऱ्यासारख्या पुढे झाल्या. टुंग. फुंकर मारली, पदराने पुसला, लावला. टुंग. आणि मेट्रनबाईंकडे वळून, मान ताठ करून म्हणाल्या, "बघितलंत? असं लक्ष ठेवावं लागतं. दिवा लुकलुकला की थांबायचं. तीन दिवस हे मी एकटी करतेय. ह्यांना कुणाला दिसतच नाही!"

लेकीची नखं तोंडातच राहिली. काजवालीने सुई खाली ठेवली आणि तोंडावर कापड धरलं. पडद्यावर ती चौकट उगवली होती.

जावईबापू त्या चौकटीकडे बघत राहिले. मग अगदी हळू, वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलाला समजवावं तसं म्हणाले, "आई, हा दिवा लुकलुकतो तेव्हा तो लिहीत असतो. लुकलुकायचा थांबला म्हणजे काम झालं, किंवा मोडलं."

"प्रत्येक वेळी काढलास तू?" लेकीने विचारलं.

सासूबाईंनी हातातला पदर सोडला. पायांखालची फरशी तापल्यासारखी वाटली. तीन दिवसांत त्या काय काय बोलल्या होत्या ते सगळं एकेक करून समोर येऊन उभं राहिलं. मुलं पास कशी होतात. सोडू दे शाळा. एवढं कमी होतं म्हणून की काय, जेवायच्या मिषाने त्यांना उठवलं होतं तेही आपणच. आणि हा माणूस खाली मान घालून, आपल्याच तोंडाने मेट्रनबाईंना सांगतो, की आईंचा दोष नाही. त्यांना वाटलं, एखाद्या एप्रनच्या खिशात शिरून बसावं.

मेट्रनबाईंच्या भुवया वर गेल्या होत्या. जावईबापूंनी ते पाहिलं आणि घाईघाईने म्हणाले, "तसं नाही हो बाई. आईंनी नसता काढला तरी अडकलंच असतं. माझा लॅपटॉपच जरा..."

"खोटं बोलतायत ते," सासूबाई म्हणाल्या. आवाज त्यांच्या स्वतःच्याही ओळखीचा नव्हता. "लॅपटॉप धड आहे. पेनड्राइव्ह धड होते, चारही. माझ्या हातांनी वाट लावली. त्यांना बोल लावू नका. लावायचा तर मला लावा, आणि काम न्यायचं तर खुशाल न्या."

मेट्रनबाईंनी घड्याळ पाहिलं. "पुन्हा करायला किती वेळ?"

"पंचवीस मिनिटं."

"करा. आणि," त्यांनी सासूबाईंकडे बोट केलं, "ह्यांना माझ्या शेजारी बसवा."

पंचवीस मिनिटं सासूबाई मेट्रनबाईंच्या शेजारी बसल्या, पदराच्या टोकाने स्वतःची मनगटं बांधून. दिवा लुकलुकला की त्यांचा खांदा उडायचा. एकदा तर त्या अर्ध्या उठल्याच. मेट्रनबाईंनी नुसतं "हं" म्हटलं आणि त्या परत बसल्या. इस्पितळात पेशंट का गुमान इंजेक्शन घेतात ते त्यांना तेव्हा कळलं.

दिवा थांबला. जावईबापूंनी पेनड्राइव्ह काढला आणि जुन्या कॉम्प्युटरला लावला. काळा पडदा निळा झाला. काजवालीने टाळी वाजवली आणि लगेच हात मागे लपवले.

तासाभरात भरतकामाचं मशीन मान खाली घालून पहिलं नाव भरू लागलं. मेट्रनबाई उठल्या. "संध्याकाळी पाचला माणूस पाठवते. पुढच्या महिन्यात चादरी आहेत." दारात थांबून त्या जावईबापूंना म्हणाल्या, "आमच्या इस्पितळातल्या कॉम्प्युटरांकडे एकदा बघून जा. तुम्हाला धीर चांगला आहे."

त्या गेल्या. लेक चहा ठेवायला आत पळाली, म्हणजे मध्ये बोलायला आता कुणीच उरलं नाही. जावईबापू लॅपटॉप मिटत होते. सासूबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. दहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी जावयाच्या डोळ्यांत बघितलं. मग खाली बघितलं. मग खिडकीकडे.

"जावईबापू," त्या म्हणाल्या.

जावईबापू दचकून उभे राहिले.

"तुम्ही मास्तर चांगले आहात. शाळा सोडायची नाही. मी बोलले ते सगळं माझ्या पदरात परत घालते." त्यांनी घसा खाकरला. "पण चालू मशीन सोडून उठून जायची तुमची खोड वाईट आहे, ती मी वाईटच म्हणणार. यापुढे उठायचंच झालं, तर एकटे उठू नका. जाताना मलाही बरोबर घेऊन जा."