लोटा उचलू नका

हुमनाबादच्या मोटार स्टँडसमोरच्या हॉटेलात गुरप्पा रोज दुपारी चार माणसांना चहा पाजत आणि स्वतः एक थेंब घेत नसत. माझी त्यांची ओळख या चहावरच झाली. नव्यानं निघालेल्या मराठी शाळेवर मास्तर म्हणून मी उदगीरहून आलो होतो. मोटारीतून उतरलो, काखेत वळकटी, डोळ्यांत धूळ, आणि हॉटेलातून एका जाडजूड गृहस्थानं हाक मारली.

"या मास्तर, बसा. चहा घ्या. हॉकी कळतीय का तुमाला?"

"थोडीफार."

"मग सांगा. ठेवाया पायजे हुतं का न्हाई?"

कुणाला, कुठं, कशासाठी, कशाचा पत्ता नाही. प्रवासानं डोकं उठलं होतं. "नव्हतं," असं म्हणून मी मोकळा झालो. ही चूक मला पुढं चार वर्षं पुरली.

प्रश्न असा होता. गावच्या हॉकी टीममध्ये खाजासाब नावाचा बॅक होता. गोलाच्या पुढं उभं राहून येईल तो चेंडू अडवायचा, हे त्याचं काम. पंधरा वर्षं त्यानं ते केलं. मग पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजाम गेला, आणि त्याच्या दुसऱ्या वर्षी वय झालं म्हणून खाजासाबला टीममधून काढलं. गाव हे विसरूनही गेलं असतं. पण गुरप्पा विसरू देत नव्हते. हॉटेलात जो कुणी टेकेल, तलाठी असो, बांगडीवाला असो की गुलबर्ग्याच्या मोटारीची वाट बघणारं लग्नाचं वऱ्हाड असो, त्याच्यापुढं चहा यायचा आणि चहामागून प्रश्न यायचा.

स्वतः चहा का घेत नाहीत, यावर गावात बरीच मतं होती. लिंगायत आहेत, बाहेरचं पीत नसतील, असं मला वाटलं होतं. पण त्याच हॉटेलात त्यांना तीन प्लेट भजी खाताना पाहिलं तेव्हा तो विचार सोडून दिला. पित्त आहे म्हणावं तर भजी मिरचीची होती.

गुरप्पांचं दोरखंडाचं दुकान होतं. कासरे, वेसणी, दावी, मोटेचे नाडे. दुबलगुंडीचा एक शेतकरी एकदा मोटेचा नाडा घ्यायला आला. गुरप्पांनी नाड्याचं एक टोक त्याच्या हातात दिलं, त्याला रस्त्याच्या मधोमध उभं केलं आणि म्हणाले, "तू गुलबर्ग्याचा सेंटर-फॉरवर्ड. आता माझ्याकडं पळत ये." तो बिचारा आला.

"आडवलं का कुणी तुला?"

"न्हाई."

"कामून न्हाई आडवलं? खाजा न्हाई म्हणून! आता सांग, ठेवाया पायजे हुतं का न्हाई?"

"अप्पा, मला नाडा पायजे," शेतकरी रडकुंडीला येऊन म्हणाला. पुढच्या वेळी तो नाड्यासाठी चिटगुप्प्याला गेला, असं ऐकलं.

हॉटेलातला वाद मात्र पद्धतशीर चाले. टेबल म्हणजे मैदान. साखरेचा डबा म्हणजे गोलकीपर, तो गुरप्पा स्वतः. विड्यांचं बंडल म्हणजे गुलबर्ग्याचा सेंटर-फॉरवर्ड. आणि पाण्याचा पितळी लोटा म्हणजे खाजासाब. एकदा मांडणी झाली की लोट्याला हात लावायची सोय नव्हती. चैत्रातल्या दुपारी एका कंडक्टरनं तहानेनं लोटा उचलला तर गुरप्पा अंगावर धावून गेले. "लोटा उचलू नका! बॅक हाय तो!" कंडक्टरनं लोटा खाली ठेवला आणि कोरड्या घशानं गाडी घेऊन गेला. हॉटेलवाल्या अण्णांनी शेवटी प्यायच्या पाण्यासाठी दुसरा लोटा आणला. गुरप्पांनी त्याला राइट-इन, म्हणजे पुढच्या फळीतला गडी केलं.

हो, गुरप्पा टीमचे गोलकीपर होते. त्यांचं नाव बीदरपर्यंत झालं होतं, कारण वर्षाकाठी त्यांच्यावर फार तर दोन-तीन गोल व्हायचे. याचं रहस्य गावात सगळ्यांना माहीत होतं. चेंडू त्यांच्यापर्यंत पोचतच नसे. खाजासाब पुढं अनवाणी उभा, आणि मागं गुरप्पा पायांना काथ्या भरलेली पोत्याची पॅडं बांधून, गोलाच्या खांबाला टेकून, भुईमुगाच्या शेंगा फोडत. मॅच संपली की मैदानातलं गवत एका जागी टरफलांनी झाकलेलं असे. अधूनमधून ते "खाजा, डावीकडं!" असं ओरडत. खाजासाब उजवीकडं जाऊन चेंडू अडवे.

खाजासाबला काढल्यावर पहिलीच मॅच बीदरला गुलबर्ग्याच्या टीमशी झाली. गुरप्पांवर नऊ गोल झाले. नववा झाला तेव्हा ते आठवा शोधायला गेले होते. परत आल्यावर त्यांनी पॅडं उसवली आणि आतला काथ्या दुकानात विकायला काढला.

त्यामुळं गावाचं निदान ठरलेलं होतं. गुरप्पांना खाजासाबचा पुळका नाही, स्वतःच्या अब्रूचा आहे. मलाही ते पटलं होतं. शाळेत मी वादविवाद घेत असे, इथं फुकटच्या चहावर तोच सराव होत होता. मी वयाची बाजू धरली. पंचेचाळिशीचा माणूस, गुडघे आखडलेले, वळायला वेळ लागणार, नव्या पोरांना संधी कधी मिळणार! माझे मुद्दे बिनतोड असत. गुरप्पांचा मुद्दा एकच असे.

"रोज चार बैल पाडतंय ते मानूस! चार बैल! त्याला सेंटर-फॉरवर्ड जड हाय व्हय?"

हे खरं होतं. खाजासाब नालबंद होते. बैलाला दोरानं आडवा पाडायचा, पाय बांधायचे आणि खुरांना नाल ठोकायचे. त्यांची जागा स्टँडच्या पलीकडच्या लिंबाखाली होती, हॉटेलापासून शंभर पावलांवर. गुरप्पांचा आवाज तिथं स्वच्छ ऐकू जाई. पण चार वर्षांत मी खाजासाबला हॉटेलात आलेलं पाहिलं नाही, आणि गुरप्पांना लिंबाखाली गेलेलं पाहिलं नाही. दुकानाकडं जाताना ते सरळ वाट सोडून पोस्टाच्या मागून वळसा घालत. जाडजूड माणूस, भर उन्हात. आम्ही त्यावरही हसायचो.

आता टीमच्या कारभाराविषयी थोडं सांगायला हवं. सेक्रेटरी मोंढ्यातले, म्हणजे धान्याच्या बाजारातले एक अडते होते आणि मीटिंग त्यांच्या अडतीवर, गाद्यांवर भरे. मोंढ्यात रीत अशी की सौदा बोलून झाला की चहा येतो. शेतकऱ्यानं चहा घेतला म्हणजे भाव पटला. नाही पटला तर तो कप तसाच ठेवून उठतो, आणि मग पुन्हा बोलणं सुरू होतं. सेक्रेटरींनी हीच रीत टीमला लावली. हात वर करणं नाही, कागद नाही. ठराव सांगायचा, चहा आणायचा, सगळ्यांनी घेतला की ठराव पास. मला ही गोष्ट अण्णांनी गंमत म्हणून सांगितली होती, आणि मी ती गंमत म्हणूनच ऐकली होती.

हैदराबाद राज्य मोडून मुलूख वाटले जाणार, बीदर कुणाकडं जाणार, अशी बोलणी चालू होती त्या वर्षीची गोष्ट. दुपारी हॉटेल भरलेलं होतं. वाद रंगला होता आणि मला त्या दिवशी जरा जास्तच चेव चढला होता.

"अप्पा, एक सांगा," मी म्हणालो, "खाजासाबला ठेवायला हवं होतं ते टीमसाठी, की तुम्हाला शेंगा निवांत खाता याव्यात म्हणून?"

सगळं हॉटेल हसलं. गुरप्पांचा चेहरा पडला. ते तोंड उघडणार तेवढ्यात दारात एक पत्र्याची ट्रंक टेकली आणि तिच्यामागून खाजासाब आत आले. उंच, वाळकट, दाढी पांढरी झालेली. हैदराबादला लेकीकडं कायमचे निघाले होते. बायको वर्षापूर्वी वारली होती, एकट्यानं राहवत नव्हतं. हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच दिसलं की ते आमच्याच टेबलाशी आले, बसले आणि त्यांनी समोरचा पितळी लोटा उचलला.

खाजासाबनी मान वर करून घटाघटा पाणी प्यायलं आणि लोटा खाली ठेवला.

"मास्टर बराबर बोलरे," ते म्हणाले. "घुटने गए थे मेरे. मुडने कू देर लगती थी."

"तू गप बस!" गुरप्पा ओरडले. "तुला काय कळतंय हॉकीतलं?"

हॉटेल पुन्हा हसलं. खाजासाबही हसले. मग हसणं ओसरल्यावर हलक्या आवाजात म्हणाले, "पन उमर का बोलके निकाले ना मेरेकू? राइट-इन मेरे से दो साल बड़ा है. वो तो अब्बी खेलरा."

राइट-इन कोण ते मला माहीत होतं. दर रविवारी मी त्याला मैदानावर धापा टाकताना पाहत होतो. चार वर्षं वयावर वाद घातला, पण त्याचं वय विचारायचं मला सुचलं नाही. गावात कुणालाच सुचलं नव्हतं. पोलीस अ‍ॅक्शननंतरच्या त्या दिवसांत मुसलमानाची बाजू घ्यावी की घेऊ नये, याचा अंदाज घेऊनच माणसं तोंड उघडत होती. खाजासाबचं वय तेव्हा अचानक वाढलं, आणि मी त्या वयाचा वकील झालो होतो. मला फार लाज वाटली.

"इत्ते साल से सुनरौं मैं, उधर बैठको," खाजासाब गुरप्पांना म्हणाले. "सारे गाँव कू बोला तू. मेरेकू एक बार आको नई बोला."

गुरप्पा साखरेच्या डब्याकडं बघत बसले.

"कसा येऊ?" ते म्हणाले. "म्या चहा प्यालो हुतो, खाजा. समदे प्याले, म्या बी प्यालो. कप ठेवून उठाया पायजे हुतं. न्हाई उठलो. घाबरलो."

मग मला त्या सगळ्या कपांचा अर्थ लागला. आम्हाला रोज पाजलेल्या, आणि स्वतः कधी न घेतलेल्या.

"मालूम है," खाजासाब म्हणाले. "उसी रात कू मालूम हुआ. मैं बोला, कल आएगा गुरप्पा. लिंब के नीचे एक पत्थर रखा था मैं, तेरे बैठने कू. अब्बी बी उधरीच है."

बाहेर हैदराबादची मोटार लागली. कंडक्टरनं पुकारा केला. खाजासाबनी अण्णांकडून एक चहा मागवला, उभ्या उभ्या अर्धा बशीत ओतला आणि बशी गुरप्पांपुढं सरकवली.

"पी. सौदा नई है इसमें."

उरलेला अर्धा कप ते दोन घोटांत प्याले. गुरप्पांच्या खांद्यावर हात ठेवला, ट्रंक उचलली आणि गेले. गुरप्पांनी दोन्ही हातांत बशी धरली होती. चहा अंगठ्यावरून धोतरावर सांडत होता. त्यांना उठायचं होतं, पण बशी खाली ठेवल्याशिवाय उठता येत नव्हतं, आणि ती खाली ठेवायला ते तयार नव्हते. मोटार हलली. रस्त्यावर धूळ उडाली, ती खाली बसली, तरी ते तसेच. मग त्यांनी तो गार झालेला चहा हळूहळू, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

दुसऱ्या दिवशी मी शाळा सुटताच हॉटेलात गेलो. रात्रभर मनाशी ठरवलं होतं. गुरप्पा एकटेच बसले होते. धोतराला बसल्या जागेची माती लागलेली होती, लिंबाखालच्या दगडावरची. टेबलावर मांडणी नव्हती.

"अप्पा," मी समोर बसत म्हणालो, "माझं चुकलं. ठेवायला पाहिजे होतं."

चार वर्षं ज्या एका उत्तरासाठी त्यांनी मला चहा पाजला, ते मी दिलं होतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता.

"आता मला सांगून काय करायलाव, मास्तर?" ते म्हणाले. "त्याला सांगाया पायजे हुतं. तुमी बी, म्या बी."

मग त्यांनी पितळी लोटा उचलला आणि माझ्यापुढं ठेवला.

"उन्हातून आलाव. पानी प्या."